मागण्यांची माळ

सागाच्या एका दाट जंगलात, रुंद ओढ्याच्या काठी एक खार राहत असे. राहायची झाडावर, पण जीव सगळा तिच्या दुकानात! दर मंगळवारी ओढ्याकाठी प्राण्यांचा बाजार भरे आणि ती तिथे चारोळ्या नि भोकरं मांडून बसे. शेजारी अस्वलाचा मध, त्यापुढे साळिंदराचे कंद, माकडाची फळं, मुंगसाच्या टोपल्या. गिऱ्हाईक मात्र बहुतेक ओढ्यापल्याडचं. हरणं, ससे, भेकरं एका आडव्या खोडावरून यायची. तोच त्यांचा साकव. तीन वर्षांपूर्वी पुरात साकव वाहून गेला आणि बाजाराची रयाच गेली. खार दिवसभर माशा मारत बसू लागली. यंदाही असंच चाललं तर दुकान मोडून दूरच्या रानात मावशीकडे जायचं, असं तिने ठरवलं होतं. ठरवताना तिला रडू आलं होतं. पण हे मी तुम्हांला सांगितलं, असं तिला सांगू नका हं!

आता तुम्ही म्हणाल, मग साकव बांधून घ्यायचा की! अहो, तिथेच तर गंमत आहे. जंगलाचा कारभार होता एका हत्तीकडे. वर्षातून एकदा सगळे बाजारकर त्याच्याकडे मागण्या घेऊन जात. रीत अशी, की प्रत्येकाने आपली मागणी सागाच्या पानावर लिहायची आणि सगळी पानं एका वेलीत ओवायची. कुणाचं पान वगळायचं नाही, नाही तर रुसवा! माळ लांबत लांबत एक्केचाळीस पानांची झाली. साकवाचं पानही त्यात असे, पण ते कुणा एकाचं नव्हतं, म्हणून आपलं तळाशी. हत्ती माळ वरवर चाळी, "बघतो हं," म्हणे आणि एखादी मागणी पुरी करून टाकी. एका वर्षी माकडाला दवंडीसाठी ढोल मिळाला. गेल्या वर्षी बाजाराच्या तोंडाशी वेलींची कमान झाली. "काहीच नाही त्यापेक्षा हे बरं," म्हणत सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कमानीखालून यायला मात्र कुणी नव्हतं.

यंदाही माळ ओवायला सगळे ओढ्याकाठच्या वडाखाली जमले. अस्वल बाजाराचा अध्यक्ष, म्हणून त्याचं पान सर्वांत वर. खारीच्या पानावर लिहिलं होतं, 'माल ठेवायला कोरडी ढोली हवी.' तीन पावसाळे तिच्या चारोळ्या भिजून वाया गेल्या होत्या. तिची पाळी आली, तशी ती पुढे झाली आणि तिने ते पान टराटरा फाडलं.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" साळिंदर ओरडलं.

"ढोलीत माल भरीन हो, पण विकू कुणाला?" खार म्हणाली. "साळिंदरभाऊ, तुम्ही काय मागितलंत?"

"उंच ओटा. माझे कंद लांबून दिसायला नकोत? हल्ली कुणी फिरकतच नाही."

"आणि माकडा, तू रे?"

"आणखी मोठा ढोल! या ढोलाला कुणी येत नाही."

"ढोल त्यांना ऐकू जातो रे बाबा, पण ते येणार कुठून? सगळ्यांना हवंय ते गिऱ्हाईकच ना? मग या वेळी फक्त साकव मागू. एकच पान नेऊ."

कुजबुज सुरू झाली. मुंगसाने हळूच आपलं पान मागे घेतलं. माकडानेही घेतलं. अस्वल मात्र गुरगुरलं, "मला दुकानापुढे मांडव हवाय. अध्यक्षाचं पान मानाचं असतं, खारूताई! बाकीच्यांचं काय ते बघ." अध्यक्षाचं पान राहणार म्हटल्यावर इतरांनीही आपापली पानं पुन्हा पुढे केली. झालं, खारीचं सगळं मुसळ केरात! ती मटकन खाली बसली.

तेवढ्यात पल्याडून हाक आली, "अस्वलदादा, ओ अस्वलदादा!" एक हरिणी काठावर उभी होती. "पाडसाला खोकला झालाय. चार दिवस त्याला झोप नाही. थोडा मध द्याल का हो?"

"त्यात काय! ये की, घेऊन जा," अस्वल सवयीने म्हणालं.

हरिणी पाण्यात उतरली. दोनच पावलं टाकली असतील, तिचा पाय सरकला आणि प्रवाहाने तिला गर्रकन फिरवलं. ती कशीबशी परत काठावर चढली. मग अस्वल स्वतः मधाचा द्रोण घेऊन धावलं. पाणी छातीला लागलं, तोल गेला आणि द्रोण वाहून गेला. अस्वल निथळत परत आलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ढीगभर पोळ्यांचा मध पडलाय माझ्याकडे, आणि एका लेकराला चाटवता येत नाही. कसला मान नि कसला मांडव!" असं म्हणून त्याने आपलं पान फाडलं. मग काय, वडाखाली पानांचा नुसता सडा पडला. उरलं एकच.

सगळे लगेच हत्तीकडे गेले. ते एक पान त्याने पाहिलं, उलटून पाहिलं. "बाकीची कुठे आहेत?"

"एवढंच, महाराज," खार म्हणाली. "आणि आजच हवंय. पल्याड एक पाडस आजारी आहे."

हत्तीने कान हलवले आणि तो ओशाळून हसला. "खरं सांगू? एक्केचाळीस मागण्या असल्या, की त्यांतली सोपी शोधायची, पुरी करायची आणि मोकळं व्हायचं. आज तुम्ही मला पळवाटच ठेवली नाहीत!"

तो तडक उठला. एक भलामोठा वठलेला साग त्याने ढकलत आणून ओढ्यावर आडवा टाकला. बाजारकरांनी दोन्ही टोकांना दगड रचले. साकवावरून पहिलं कोण गेलं असेल? खुद्द अध्यक्ष! दोन्ही हातांत मधाचा द्रोण धरून, जपून जपून पावलं टाकत अस्वल पल्याड पोहोचलं आणि पाडसाने मिटक्या मारत मध चाटला. पुढच्या मंगळवारी दुपारच्या आतच खारीच्या चारोळ्या संपल्या. "मावशी, मी येत नाही. जमल्यास तूच बाजाराला ये," असा निरोप तिने त्याच दिवशी धाडला.

तात्पर्य : प्रत्येकाने आपापलंच मागितलं, तर देणारा सोपं तेवढं देऊन सुटतो; ज्यावर सगळ्यांचं पोट आहे, ते आधी ओळखावं आणि सगळ्यांनी मिळून तेवढंच मागावं.