खैरूनचं राहिलेलं दार

ही कहाणी मी सांगू नये असं मला बजावलेलं आहे. हजला निघणाऱ्याच्या घरी रडकी कहाणी नको, म्हणतात. पण मोठ्या बायका आत शिदोरी बांधतायत, तोवर ऐका. जवळ या, मी हळू बोलते.

आटपाट बंदर होतं. बंदराला खाडी होती, खाडीकाठी मोहल्ला होता. तिथं दाऊद खलाशी राहत असे. त्याची बायको खैरून. भिंतीपलीकडे धाकटा दीर इस्माईल आणि जाऊ सुग्रा. खैरूनला एक मुलगा होता, सुग्राची कूस उजवली नव्हती. मग पोर कुणाकडे वाढलं? सुग्राकडे. न्हाऊमाखू ती घाली, पेज ती भरवी, जोजवी तीच.

एके दिवशी पोराला ताप भरला. उतरेना. खैरून घाबरली आणि बोलून गेली, "वांझेची नजर लागली माझ्या लेकराला. पुन्हा हात लावू नको." तिनं पोर सुग्राच्या मांडीवरून ओढून घेतलं. सुग्रा उठली. पदर सारखा केला, घरी गेली. पोर बरं झालं. सुग्रा पुन्हा आली नाही, खैरूननं बोलावलं नाही.

मग काय झालं? दाऊदचं गलबत वादळात सापडलं. खैरूननं नवस केला, "या अल्लाह, माझा धनी परत येऊ दे. मी मक्केला येईन, थोरल्या मशिदीत तुझ्या घराला फेरे घालीन." धनी परत आला. दोघं पुष्कळ राबली. मग जायचं ठरलं.

दाऊदची फूफी, म्हणजे आत्या, बरोबर निघाली होती. ती म्हणाली, "सूनबाई, नवस बोललीस, आता वसा ऐक."

"काय वसा?"

"निघण्याआधी दारोदार जावं. बोललंचाललं माफ करा म्हणावं. ज्याला दुखवलं त्याचं नाव घ्यावं, चूक बोलून दाखवावी. अल्लाहचा अपराध अल्लाह माफ करील, माणसाचा माणसानंच करायचा. उतू नको, मातू नको, कुणाचं दार टाकू नको."

खैरून मोहल्लाभर फिरली. कोळणीकडं गेली, शिंपिणीकडं गेली. जिच्याशी कोंबडीवरून भांडली होती, तिच्याकडंही गेली. ती हसून म्हणाली, "कोंबडी माफ. अंडी नाही हो!"

मग सुग्राकडं निघाली. पहिल्यांदा गेली, आत जात्याची घरघर होती. कामात असेल म्हणून फिरली. दुसऱ्यांदा गेली, ओसरीवर शेजारणी होत्या. चारचौघींत कसं बोलू म्हणून फिरली. तिसऱ्यांदा निघायच्या सकाळी गेली. दार सताड उघडं होतं. उंबऱ्याशी पाय अडला. धक्क्यावरून हाका आल्या, तशी फिरली.

मग होडीत उभी राहिली. धक्क्यावर सारा गाव, गर्दीमागं सुग्रा. खैरून मोठ्यानं म्हणाली, "सगळ्यांनी मला माफ करा गो!" लोक म्हणाले, "केलं, केलं!" तिला वाटलं, सगळ्यांत सुग्राही आली. होडी सुटली.

मग आगबोट झाली, उंटांचा तांडा झाला, मक्का आली. डोंगरांच्या ओंजळीत शहर. शहराच्या मधोमध थोरली मशीद. मशिदीच्या अंगणात काळ्या वस्त्रातलं अल्लाहचं घर. भोवती माणसांचा भोवरा, राजा कोण, खलाशी कोण, कळेना. खैरून फेरे घालू लागली. धन्यासाठी दुवा मागू गेली, ओठांवर सुग्रा. लेकासाठी मागू गेली, ओठांवर सुग्रा. स्वतःसाठी मागू गेली, ओठांवर सुग्रा. जमजमच्या पवित्र विहिरीचं पाणी तोंडाशी नेलं, तसंच खाली ठेवलं.

फूफी म्हणाली, "काय झालं गो?"

"सुग्राचं दार राहिलं."

फूफीनं तिला बाजूला ओढलं. "राहिलं? मला तर म्हणालीस, सगळीकडं जाऊन आले!"

"धक्क्यावरून सगळ्यांना म्हटलं होतं. त्यात तीही होती."

"गठ्ठ्यानं सलाम होतो, माफी होत नाही. आता रड हवं तेवढं. या मशिदीला दारं पुष्कळ, पण एकही सुग्राच्या ओसरीवर उघडत नाही."

मग खैरूननं एकच धोसरा धरला, घरी चला. होडी धक्क्याला लागली. लोक हार घेऊन आले, ती थांबली नाही. पदरात खजूर, हातात जमजमचं पाणी. स्वतःचं दार मागं टाकलं, सुग्राच्या दारात उभी राहिली.

"सुग्रा, मी तुझी भाबी. मी तुला वांझ म्हटलं. तुझ्या मांडीवरचं लेकरू ओढून घेतलं. मला माफ कर."

आतून इस्माईल आला. मान खाली. "भाबी, तुम्ही गेलात, मागोमाग तिला ताप भरला. आम्ही तिला कबरस्तानात ठेवून आलो."

खैरून उंबऱ्यावर बसली. "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"तुम्ही निघालात त्या सकाळी तिनं नारळाच्या रसातल्या शिरवळ्या केल्या होत्या. भाबीला माझ्या हातच्या आवडतात, म्हणाली. दार उघडं ठेवायला लावलं. तुम्ही फिरलात, ते तिनं चुलीपासून पाहिलं. मग तीच धक्क्यावर आली."

"इस्माईल, तिनं मला माफ केलं का रे?"

तो तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, "कसं सांगू, भाबी? तुम्ही तिला विचारलंच नव्हतं."

गाव तिला हाजीनबी म्हणू लागलं. ती म्हणे, "खैरूनच म्हणा." पुढं गावातून कुणी हजला निघालं, की ती त्याच्या ओसरीवर जाऊन बसे. "कुणाचं दार राहिलं?" "कुणाचं नाही." "पुन्हा आठव." आठवलं, की काठी उचली, म्हणे, "चल, मी येते बरोबर."

खैरूनला जे भोगावं लागलं, ते तुम्हाआम्हाला न लागो. तिला जे मिळालं नाही, ते तुम्हाआम्हाला वेळेवर मिळो. साठा बोलांची ही कहाणी पाचा बोलांत सुफळ...

"रिजवाना! कुठं बसलीस गो? दादी निघाली!"

आले, अम्मी! पण दादी अजून पलीकडच्या हलीमाखालाच्या दारी गेलेली नाही, तिला कुणीतरी सांगा, आधी तिथं जा...