विषाचं देखणं मडकं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या डोंगराच्या पायथ्याशी ती घडली त्या डोंगराचं नावही आता कोणी सांगू शकत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण चूक मोठ्यांचीच होती.

त्या पायथ्याशी एक गाव होतं. जमीन काळीभोर, पण वाळवी आणि उंदरांनी गावाला सळो की पळो करून सोडलं होतं. पेरलेलं बी वाळवी खाई, आणि त्यातून वाचून जे काही कणगीत येई ते उंदीर खात. मग लोक डोंगरातला पिवळा दगड भाजून सोमल नावाचं जहर काढायला शिकले. चिमूटभर सोमल पाण्यात कालवून शिंपडला की वाळवी त्या शेताकडे फिरकत नसे.

गाव तगलं. पण सोमल म्हणजे काही हळदकुंकू नव्हे. पहिल्या दोन-चार वर्षांत वाळवीबरोबर गुरंही गेली आणि माणसंही गेली. तेव्हा जाणत्या मंडळींनी पारावर बसून नेम घालून दिले. सोमल घरात आणायचा नाही, गोठ्याबाहेर वळचणीला टांगायचा. उरलेला नदीत ओतायचा नाही, बांधाला पुरायचा नाही. पौषातल्या अमावास्येला ज्याने त्याने उरलासुरला सोमल आपल्या हाताने डोंगरावरच्या दगडी टाक्यात नेऊन टाकायचा आणि रिकामं मडकं तिथंच फोडायचं. टाकं चुन्याने पक्कं लिंपलेलं होतं, वर मोठी शिळा होती, आणि ते राखायला एक म्हातारी होती.

आणखी एक नेम होता, तो मडक्याचा. सोमलाचं मडकं कुरूपच असलं पाहिजे. रंगाने काळं, अंगावर काटे, आणि बूड असं वेडंवाकडं की चुंबळीवरही धड बसू नये. पोरांना ते हातात घ्यावंसं वाटू नये, आणि बायकांना त्यात मीठमिरची भरायचा मोह होऊ नये. नेम घालणारे शहाणे होते. आपल्या गावात कोणी बाई रिकामं भांडं टाकून देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ही कुरूप मडकी घडवायचं काम ज्याच्याकडे होतं, त्या कुंभाराची ही गोष्ट.

कुंभार हाताचा मोठा कसबी. त्याच्या माठातलं पाणी वैशाखातसुद्धा दाताला लागे. लांबलांबचे लोक त्याच्याकडून रांजण घेऊन जात. बायको लवकर गेली होती. एकच लेक होती, ती त्याच्या चाकाशेजारी मातीत खेळूनच वाढली आणि नदीपलीकडच्या गावात दिली. लग्नाला सात वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती, एवढं एक दुःख सोडलं तर त्याचं बरं चाललं होतं.

पण दर पावसाळ्याआधी ती काळी मडकी करायची वेळ आली, की त्याचं डोकं फिरायचं. ज्या हाताने सुबक माठ घडवायचा, त्याच हाताने मुद्दाम वाकडं काम करायचं. मडकी भाजून निघाली की तो त्यांच्याकडे पाहायचासुद्धा नाही.

एके दिवशी तो पाटलाच्या घरी नवा माठ पोचवायला गेला. तिथे परगावचे पाहुणे आले होते. त्यातल्या एकाला वळचणीचं काळं मडकं दिसलं. तो हसून म्हणाला, "हे कुणी घडवलं? आंधळ्यानं काय?"

पाटलीणही हसली. "आंधळ्यानं न्हाई, ह्या आमच्या कुंभारानं," ती म्हणाली. "दारात असलं ध्यान टांगलेलं, पावण्यांपुढं लाज वाटती बघा."

कुंभार माठ टेकवून तसाच माघारी फिरला. ते हसणं त्याच्या जिव्हारी लागलं. लोकांनी त्याची शंभर मडकी नावाजली होती, पण घरी पोचेपर्यंत त्याला त्यातलं एकही आठवेना.

त्या वर्षी त्याने सोमलाची मडकी वेगळी केली. लाल माती गाळून घेतली, गेरूने घोटली, मान बारीक ठेवली, बूड सपाट केलं, अंगावर पांढऱ्या मातीची नाजूक वेल काढली. नेम अगदीच मोडायला नको, म्हणून प्रत्येकाच्या बुडाला लहानशी फुली कोरली. फुली म्हणजे विष. आता यापेक्षा जास्त कोणाला काय हवं, असं त्याने स्वतःलाच बजावलं. मन एकदा वाकड्या वाटेला लागलं की त्याची समजूत घालणारं कोणीतरी लागतंच, आणि ते काम माणूस स्वतःच करतो.

गाव खूश झालं. वळचणी शोभायला लागल्या. पाटलीण स्वतः त्याच्या दारी येऊन, "हात हाय का काय हाय तुझा," म्हणाली. कुंभाराला आभाळ ठेंगणं झालं.

पौषातली अमावास्या आली. सकाळी सगळं गाव डोंगर चढून टाक्यापाशी जमलं. शिळा बाजूला सारली होती. पाटलीण पहिली पुढे झाली. तिने उरलेला सोमल टाक्यात रिता केला आणि मडकं मात्र पदराखाली घेतलं.

"फोड की बाई ते," राखणीची म्हातारी म्हणाली.

"आजी, ह्याला फोडायला हात धजत न्हाई. सोमल टाकला न्हवं? घासूनपुसून घीन. मिठाला हुईल."

"नेम फोडायचा हाय."

"नेम त्या काळ्या मडक्याचा हुता. हे येगळं."

मागच्या बायकांनीही आपापली मडकी पोटाशी धरली.  म्हातारीने गर्दीत कुंभाराला शोधलं.

"तू सांग रं, कुंभारा. मडक्यातलं तुझ्याहून कुणाला जास्त कळतंय? घासल्यानं सोमल जातो का?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

आता इथं थोडं थांबू या. मडकं पितं, हे कुंभाराच्या पोरालाही माहीत असतं. माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं. ज्या गाडग्यात एकदा तेल ठेवलं त्याचा वास मरेपर्यंत जात नाही. मातीच्या अंगात जे मुरलं ते राखेने निघत नाही आणि चिंचेनेही निघत नाही. हे त्या डोंगरावर सर्वांत जास्त कुंभाराला कळत होतं. पण हेही त्याला दिसत होतं, की आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातची मडकी लोक लेकरासारखी पोटाशी धरून उभे आहेत. ती आता आपल्याच शब्दामुळे खडकावर आपटली जातील, हे त्याला बघवेना.

"राखेनं तीनदा घासा," तो म्हणाला. "मग काय हुत न्हाई. आणि बुडाला फुली केलीया की मी. वळखू येतंय."

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. "बूड बघून पाणी कोण पितं रं?" एवढंच ती म्हणाली.

 त्या दिवशी तीन म्हाताऱ्यांनी तेवढी आपली मडकी फोडली. बाकीची सगळी मडकी डोंगर उतरून घरी आली. कोणी त्यात मीठ भरलं, कोणी गूळ, कोणी ताक. काहींनी ती लेकीसुनांना दिली, काहींनी बाजारात धान्यावर बदलून टाकली. ज्यांच्या हाती ती पडली त्यांना ना नेम ठाऊक, ना फुलीचा अर्थ.

कोणी तडकाफडकी मेलं नाही. तसं झालं असतं तर बरं, असं म्हणायची पाळी पुढे आली. विष सावकाश चढत होतं. कोणाच्या पोटात कळा यायला लागल्या, कोणाचे केस गळायला लागले, कोणाच्या तळहातावर काळे ठिपके उठले. लोकांनी विहिरीला दोष दिला, हवेला दिला, कोणी करणीचा संशय घेतला. कुंभाराच्या मनात एक शंका दिवसातून दहादा डोकं वर काढी, आणि दहादा तो ती दाबून टाकी. बोलला असता तर अजूनही बरंच काही वाचलं असतं. पण आता बोलायचं म्हणजे डोंगरावर खोटं बोललो, हे कबूल करायचं. त्याने तोंडाला कुलूप लावलं.

मधल्या काळात नदीपलीकडून गोड बातमी आली होती. सात वर्षांनी लेकीला दिवस गेले होते. बापाला काय करू नि काय नको असं झालं. शेजारची तेलीण मायाळू बाई. आई नसलेल्या पोरीचे डोहाळे कोणी पुरवायचे, म्हणून तिने माघातच मडकंभर लिंबाचं लोणचं घालून एका जाणाऱ्या गाडीबरोबर लेकीकडे धाडलं होतं. कुंभाराला ती म्हणाली, "पोरीला आंबट धाडलंय." तो हात जोडून म्हणाला, "तुमचे उपकार, वैनी." लोणचं कशात घातलं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

ज्येष्ठात लेक बाळंत झाली. मुलगा झाला. बाराव्या दिवशी कुंभार हातात झबलं-टोपडं घेऊन, नदी ओलांडून बारशाला गेला.

लेक खाटेवर होती. त्याने तिला ओळखलं, पण क्षणभर उशिरा ओळखलं. केस विरळ झालेले, डोळे खोल गेलेले. दूध नव्हतं, म्हणून पोराला बोटाने शेळीचं दूध चाटवत होते. बाळंतपण जड गेलं, असं तिची सासू म्हणाली. कुंभार खाटेच्या कडेला बसला. लेकीने हसून त्याचा हात धरला. तिच्या तळहाताला काळे ठिपके होते.

"आबा, उन्हातनं आलासा. पाणी घ्या," ती म्हणाली आणि उशापाशी हात केला. "ह्यातलंच घ्या. तेलीणकाकूनं लोणचं धाडलं हुतं ह्यात. बघितल्याबरोबर म्या वळखलं, आमच्या आबाचा हात. तवापास्नं मी दुसऱ्या कशातलं पाणी पीत न्हाई."

उशाशी लाल मडकं होतं. मान बारीक, अंगावर पांढरी वेल.

कुंभाराने ते उचललं. पाण्यासकट उपडं केलं. बुडाला फुली होती.

त्याने अंगणात जाऊन ते मडकं दगडावर आपटलं. बारशाला आलेल्या बायका दचकून उठल्या. सासू म्हणाली, "व्याही, चांगल्या दिवशी हे काय?"  त्याने खापरं वेचून धोतराच्या सोग्यात बांधली आणि परत येऊन खाटेपाशी बसला. मग लेकीला त्याने सगळं सांगितलं. पाटलाकडचे पाहुणे, लाल माती, डोंगर, म्हातारीचा प्रश्न आणि आपलं उत्तर, काही म्हणजे काही लपवलं नाही.

लेकीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"घासून जात न्हाई, हे तुमाला ठावं हुतं?" तिने विचारलं.

"हुतं."

तिने त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

वैद्य आणला, काढे दिले, सगळं केलं. आठव्या दिवशी ती गेली. त्या आठ दिवसांत ती बापाशी एक शब्दही बोलली नाही. गोष्टीत शेवटी माफी मिळते असं म्हणतात. या गोष्टीत मिळाली नाही, आणि मिळायला हवी होती असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. नातू शेळीच्या दुधावर जगला, पण त्याच्या आज्याला त्या घराचा उंबरा पुन्हा कोणी चढू दिला नाही.

कुंभार गावात परतला तो थेट पारावर गेला आणि सगळ्यांसमोर खरं बोलला. त्या दिवशी लोकांनी त्याला तोंडाला येईल ते ऐकवलं, त्याने खाली मान घालून ऐकलं. मग तो दारोदार हिंडला. बऱ्याच जणांनी मडकी आणून दिली. काहींनी चोरून ठेवली, कारण आमच्यात तर अजून कोणी आजारी नाही, असं त्यांना वाटत होतं. जी हाती लागली ती त्याने टाक्यापाशी नेऊन फोडली. खापरं पडली तशी म्हातारीने ती टाक्यात लोटली आणि शिळा ओढली. 

पण बाजारात गेलेली मडकी कुठल्या गावात, कोणाच्या चुलीशी बसली होती, हे कोणालाच माहीत नव्हतं. कुंभाराने चाक विकलं आणि बाहेर पडला. गावोगावच्या जत्रांत, पाणवठ्यांवर, लग्नघरांत तो लोकांची मडकी उपडी करून बघत फिरला. बायका शिव्या देत, पोरं दगड मारीत, वेडा म्हातारा म्हणून लोक हुसकून लावीत. कधी वर्षाकाठी एखादं सापडे. सापडलं की पहिल्यांदा तो त्या घरातल्या पोराबाळांचे तळहात बघे. मग मडक्याबद्दल विचारी.

तो एका परक्या गावाच्या वेशीवर मेला. तोवर बाजारात गेलेली निम्मी मडकीसुद्धा हाती आली नव्हती. उरलेली वापरात होती.

म्हणून सांगणं एवढंच: विषाला कधी देखणं करू नये, आणि ज्या भांड्यात ते एकदा राहिलं ते भांडं कितीही आवडलं तरी घरी परत आणू नये.