खिडकीजवळचा वाडगा

"पण मग सगळंच गार का लागतं, बाबा?"

निनादने विचारलं तेव्हा लियांगबाबा देवापुढची उदबत्तीची राख झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. चहा गार. आईची आमटी गॅसवरून थेट ताटात येते, ती गार. आणि चव तर कशालाच नाही. काल वैतागून हिरवी मिरची चावली. नुसतं गवत."

"मिरची वाया घालवलीस."

"बाबा, चेष्टा नको ना."

"बरं."

बंदराच्या मागच्या अंगाला जुन्या चिनी कुटुंबांची एक गल्ली आहे. आता तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच घरं उरली. गल्लीच्या टोकाला लाकडी जिना चढून गेलं की त्यांचं लहानसं देऊळ. लियांगबाबांनी उभं आयुष्य लोकांचे दात बघण्यात घालवलं. मग दवाखाना बंद केला आणि देवळाची किल्ली कमरेला लावली. जन्म इथलाच, त्यामुळे बोलणं आपल्यासारखंच, फक्त जरा सावकाश.

निनाद कर्णिक त्यांचा शिष्य. खाण्यातला शिष्य म्हणा. नूडल्स कशा ओढायच्या, डम्पलिंगच्या चुण्या कशा बघायच्या, आतला रस्सा तोंड न भाजता कसा प्यायचा, हे सगळं तो बाबांच्या शेजारी बसून शिकला. डम्पलिंग म्हणजे आपल्या उकडीच्या मोदकाचा तिखटमिठाचा भाऊ. पुढे निनाद साध्यासुध्या चिनी खानावळींवर वर्तमानपत्रात दर रविवारी लिहू लागला. सदराचं नाव 'पहिला घास'. लोक आवडीने वाचत, खानावळवाले धास्तावून वाचत. निनादला दोन्ही आवडायचं.

नाव झालं तशी या जिन्याची वाट मात्र सुटली.

आज आला होता. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून ओघळलेला.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"काही नाही म्हणतात. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या." निनादने ओठांवरून जीभ फिरवली. "परवा संपादक म्हणाले, 'निनादराव, हल्ली तुमचं वाचून तोंडाला पाणी सुटत नाही.' बाबा, माझ्याकडे दुसरं काय आहे हो? ही जीभ गेली, तर मी कोण?"

"आणि भूक?"

"ते तर विचारूच नका. जेवून हात धुतो आणि पुन्हा भूक. पोट भरतच नाही."

राख झाडणारा हात थांबला.

"पहिला गार घास कुठे खाल्लास?"

निनाद आठवू लागला...

"मेईमावशींच्या खानावळीत. पण तिथे अन्नच गार होतं. छापलंय की मी."

"ते वाचलं. तू सांग."

मेईमावशी याच गल्लीतल्या. खाली कोपऱ्यावर त्यांची नूडल्सची खानावळ. नवरा होता तेव्हा दोघं मिळून चालवायची; चेनकाका गेल्यावर त्या एकट्याच रेटत होत्या. निनादने त्यांच्यावर कधी लिहिलं नव्हतं. एका दुपारी, न सांगता जाऊन बसायचं म्हणून तो गेला. दार उघडं, आत कुणी नाही. खिडकीजवळ एकच टेबल मांडलेलं. त्यावर नूडल्सचा वाडगा, बशीत डम्पलिंग, जेवायच्या काड्या नीट आडव्या ठेवलेल्या, चहाचा पेला भरलेला.

"मला वाटलं, आपल्याला ओळखलं. समीक्षक येतोय असा सुगावा लागला की मालक असंच मांडून ठेवतात. मी बसलो आणि जेवलो."

"किती?"

"सगळं. एरवी मी दोन-चार घासांवर उठतो. त्या दिवशी का कोण जाणे, हात थांबेना. वाडगा कलता करून तळातला रस्सासुद्धा प्यायलो. इतकं बेचव असूनही! कुणी विचारायला आलं नाही. उठलो, निघून आलो."

"आणि लिहिलंस."

"लिहिलं. 'नूडल्स गार, मीठ नाही, पाणी विचारायला माणूस नाही. मेलेल्या माणसासाठी रांधावं तसं जेवण.'" ते वाक्य म्हणताना एवढ्या हलाखीतही निनादच्या चेहऱ्यावर थोडं तेज आलं. "लोकांना फार आवडलं ते. फोनवर फिरत होतं. का, चुकीचं होतं का काही?"

"नाही. अक्षर न् अक्षर खरं होतं."

"बघा!"

"ते टेबल कुणासाठी मांडलं होतं?"

"माझ्यासाठी."

बाबांनी राखेवरून झाडणी फिरवली.

"...नाहीतर कुणासाठी?"

बाबांनी झाडणी बाजूला ठेवली आणि समोरच्या बाकड्यावर बसले.

"आमच्यात पितरांचा महिना असतो. तुमच्यात पान ठेवून माणसं लांब सरतात ना, कावळा शिवावा म्हणून? तसंच. वाडगा मांडायचा आणि खोलीतून निघून जायचं. आपण बघत उभे राहिलो तर त्यांना घास घ्यायला संकोच वाटतो. तू जेवत होतास तेव्हा मेई मागच्या अंगणात होती. भिंतीकडे तोंड करून."

"चेनकाकांसाठी होतं ते?"

"हो."

"पण मीठ..."

"चेनला डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. त्याच्या वाडग्यात तिने ते अजून सुरू केलेलं नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं. तिची चाकं दूर जाईपर्यंत निनाद ऐकत राहिला. मग त्याने खांदे ताठ केले.

"मला कसं कळणार? सांगायला हवं होतं कुणीतरी. टेबलावर पाटी ठेवायची."

"खरंय. पाटी ठेवायला हवी होती."

"आणि गार ते गार, बाबा. मी माझ्या जिभेला जे लागलं ते लिहिलं. ते मी मागे घेणार नाही. तुम्ही मला फक्त औषध सांगा."

बाबा उठले. कोनाड्यातून त्यांनी एक लांब दांडीचा, रुपयाएवढा आरसा काढला. दवाखान्यातला.

"तोंड उघड."

निनादने उघडलं. बाबांनी आरसा आत धरला, इकडे वळवला, तिकडे वळवला. बाहेर काढून उजेडात बघितला.

"श्वास सोड यावर. जोरात."

निनादने सोडला.

काच लख्ख होती.

बाबांनी आरसा स्वतःच्या तोंडापुढे नेला आणि हळूच फुंकर घातली. काच धुरकटली. ती त्यांनी सदऱ्याला पुसली आणि पुन्हा निनादच्या ओठांशी धरली. निनादने छाती भरून श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा सोडला.

लख्ख. त्यात त्याचा एक डोळा तेवढा दिसत होता.

"म्हणजे... म्हणजे काय, बाबा?"

"दात चांगले आहेत."

निनादला हसू आलं नाही. त्याने तळहात तोंडासमोर धरला आणि फुंकून बघितलं. जिन्याखालून येते तशी गार हवा हाताला लागली. पुन्हा फुंकलं. तीच. त्याचे पाय आपोआप बाकड्याखाली ओढले गेले.

बाबा आतल्या खोलीत गेले. शेगडी पेटल्याचा आवाज आला, पाण्याला आधण आलं. बऱ्याच वेळाने ते वाडगा दोन्ही हातांत धरून आले. वाडग्यातून वाफांचे लोट येत होते. त्यांनी तो निनादपुढे ठेवला.

"जेव."

निनाद वाडग्याकडे बघतच राहिला.

देवापुढच्या उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता, ओळंब्यासारखा. वारा म्हणून नव्हता. आणि वाडग्यातली वाफ मात्र तिरकी जात होती. निनादच्या डाव्या बाजूला एक रिकामं स्टूल होतं, तिकडे. कुणीतरी वाकून, डोळे मिटून, हुंगत असावं तशी.

"बाबा..."

"दिसतंय मला. तू जेव."

निनादने काड्यांनी नूडल्स उचलल्या. तोंडात घातल्या. गार. विहिरीतून काढल्यासारख्या.

त्याने काड्या खाली ठेवल्या.

"काय करू मी?"

"दुसऱ्याच्या पानावर बसलास, तो अजून उठला नाहीस."

"कसा उठू? माफी मागू? छापून मागतो. रविवारी मागतो, पहिल्या पानावर..."

"वाढ."

"काय?"

"वाढ. कधी कुणाला वाढलंयस का तू?"

निनादला आठवेना. लहानपणी घरच्या पंगतीत पाणी वाढलं असेल, तेवढंच. पुढे सगळा जन्म टेबलाच्या एकाच बाजूला गेला होता.

त्याने आपल्यापुढचा वाडगा उचलला, बाजूला ठेवला. आतून नवा वाडगा आणला, पातेल्यातल्या नूडल्स त्यात घेतल्या. रस्सा घालताना थोडा सांडला, तो त्याने पंच्याने पुसला. वाडगा स्टुलासमोर ठेवला. काड्या आडव्या ठेवल्या. चहा ओतला. बाबा नुसते बघत होते. एकदाच त्यांनी बोट हलवलं. निनादला कळलं, त्याने पेल्याला दुसरा हात लावला.

"आता विचार."

"काय विचारू?"

"दर रविवारी सगळ्या गावाला सांगतोस ना, कसं झालंय ते? आज विचार."

निनाद रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली. मग भीती वाटली. मग दोन्ही वाटेनासं झालं.

"कसं... झालंय?"

"नीट विचार. तो तुझ्यापेक्षा मोठा आहे."

"काका... चेनकाका, कसं झालंय हो?"

...

स्टुलाची लाकडी बैठक बारीक करकरली, माणूस पुढे सरकतो तेव्हा करकरते तशी.

"काय म्हणाले?" निनादने कुजबुजत विचारलं.

"तोंडात घास आहे. बोलेल कसा?"

"मग?"

"थांब."

निनाद थांबला. कुणी जेवत असताना तो असा कधी उभा राहिला नव्हता. दोन हात पुढे जोडून, काही हवं-नको बघत.

"मेईने वाचलं तुझं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली होता, जेवणाऱ्याला त्रास नको म्हणून असावा. "तिने चवीचं काही मनावर घेतलं नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईला लोक काय काय बोलतात. पण त्या दुपारी ती अंगणातून आत आली, तर वाडगा रिकामा. इतकी वर्षं ती मांडतेय, इतकी वर्षं होता तसा उचलून ठेवतेय. त्या दिवशी तळ दिसला. धावत इथे आली. जिन्यावर चप्पल राहिली तिची एक. मला म्हणाली, 'ते आले होते, दादा. सगळं जेवले. रस्सासुद्धा ठेवला नाही.' गल्लीत घरोघर सांगून आली. लहान मुलीसारखी."

निनादने स्टुलाकडे बघितलं.

"मग रविवार आला," बाबा म्हणाले.

...

"आता?"

"आता ती मांडत नाही."

निनाद मटकन खाली बसला. स्टुलावर नाही; स्टुलाशेजारी, जमिनीवर. त्याने कपाळ गुडघ्यांना लावलं. आपण काय खाऊन आलो ते आज त्याला कळत होतं. वाक्य कुणाला आवडलं होतं, किती फिरलं होतं, यातलं काही आठवेना. एक चप्पल तेवढी दिसत होती, जिन्यावर उलटी पडलेली.

"चुकलं, काका," तो म्हणाला. "तुमचं पान होतं."



मग बाबांनी पातेल्यातला उरलेला रस्सा पळीने घेतला आणि त्याच्यापुढे धरला. "घे."

निनादने तोंड लावलं आणि ओरडला. जीभ भाजली होती. टाळूची साल निघावी इतकी. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि त्या सगळ्याच्या मागून आलं, लसूण, मिरं, मीठ! त्याने पळी हिसकावून घेतली, फुंकर न घालता पुन्हा प्यायला आणि पुन्हा भाजून घेतलं. हसत होता की रडत होता, त्याचं त्याला कळेना.

"हळू," बाबा म्हणाले. "तुला फुंकायला शिकवलं होतं मी."

स्टुलापुढच्या वाडग्यातली वाफ आता सरळ वर जात होती.

निनाद उठला. चेहरा पुसला. शर्टाच्या बाह्या खाली केल्या, कुठे भेटायला जाताना करतो तशा.

"मी खाली जातो, बाबा. मेईमावशींकडे. आत्ताच जातो. पाया पडतो आणि स्पष्ट सांगतो. काका आले नव्हते, मावशी. तुमचा वाडगा मी संपवला, सगळा मी खाल्ला."

लियांगबाबा स्टुलापुढचा वाडगा उचलत होते. त्यांनी तो कलता करून आत बघितलं, आणि मग निनादकडे बघितलं.

"तू खाल्लास?... तुझं पोट तर भरलंच नाही. मग कुणाचं भरलं?"