व्यापाऱ्याच्या अंगणातला भुऱ्या

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या शिष्याने पाळलेला कुत्रा, भुऱ्या, आश्रमात आलेल्या कापडाच्या व्यापाऱ्याला चावला. दवाखान्यात जखम साबणाने धुतली, सुया सुरू झाल्या. गावचा नियम असा, की माणसाला चावलेले कुत्रे मारायचे नाही, मोकळेही सोडायचे नाही. दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवायची. पण नियम कितीही शहाणा असला, तरी चिडलेल्या गावाच्या हातातली काठी तो आठवून उठत नाही. म्हणून शिष्याने भुऱ्याला नदीपलीकडच्या ओस मळ्यात लपवले आणि तो पळून गेल्याचे सांगितले.

तिसऱ्या दिवशी हे आचार्यांच्या ध्यानी आले. ते रागावले नाहीत. "त्याला आण, आणि व्यापाऱ्याच्या अंगणात बांध. खाटेवरून दिसेल असा. मुदत संपेपर्यंत तू मात्र तिकडे फिरकायचे नाहीस."

शिष्याचे दिवस सरेनात. भाकरी मोडली की हात सवयीने चतकोर बाजूला काढी. एकदा लांबून भुंकणे ऐकू आले, तसा तो घागर टाकून धावत सुटला आणि वेशीवरून परतला. घर सोडतानाही त्याचा जीव इतका तुटला नव्हता, आणि याची त्याला लाज वाटे.

"गुरुजी, त्याच्या वैऱ्याच्याच दारात बांधलेत त्याला!" एकदा तो रडवेला होऊन म्हणाला.

"वेड्या," आचार्य म्हणाले, "मेलेले कुत्रे काही सांगत नाही. दहा दिवस खात-पीत जगले, तर ते पिसाळलेले नव्हते एवढे कळते. भुऱ्या जगावा अशी तुझ्याइतकी आस या गावात त्या एकाच माणसाला आहे. तू गेलास, तर त्याला वाटेल, कुत्रे आजारी पडले तरी हा झाकेल. एकदा झाकलेच आहेस."

मुदत संपताच शिष्य धावला. व्यापारी भुऱ्यापुढे पाण्याचे पातेले धरून बसला होता. "प्याला बघ! आजही प्याला!" त्याचे डोळे भरून आले होते.

शिष्याने त्याचे पाय धरले. "शेटजी, तो पळाला नव्हता. मी लपवला होता."

व्यापाऱ्याने पातेले खाली ठेवले. मग म्हणाला, "तो सापडत नव्हता त्या दिवसांत मी घोट घोट पाणी पिऊन बघायचो रे, पाण्याची भीती वाटते का म्हणून."

शिष्याला पाहून भुऱ्या दाव्याला हिसके देत होता. ज्याच्यासाठी इतका झुरला, त्याला तसेच थांबवून शिष्य आधी व्यापाऱ्यापाशी बसला.