निळ्या बशीतली पंगत

त्या दिवशी मळभ होतं. पाऊस नाही, ऊन नाही, वारासुद्धा नाही. खाडीचं पाणी तेल ओतल्यासारखं गप्प पडलेलं.

"पण मला मठाच्या पंगतीला घ्यायला तुमची हरकत काय, आक्का?" वामनराव विचारत होते.

आक्का म्हणजे आमच्या मठातल्या थोरल्या. मठाची आणि वामनरावांच्या घराची मधली भिंत एकच. मी ओसरीवर पत्रावळी टाचत बसलो होतो, म्हणून हे कानावर पडलं. ऐकलं तसं सांगतो.

"हरकत आहे असं कुठं म्हटलं मी? का यायचंय, तेवढं विचारलं."

"घरी घास उतरत नाही."

आक्कांनी वर पाहिलं.

"आमची ही, द्वारका, गेल्यापासून भिंतीकडे बघून जेवतो. समोर माणूस नाही. भात निवून जातो तरी हात पुढं होत नाही... वैऱ्यावरसुद्धा असं जेवण येऊ नये."

"हं."

"रिकाम्या हातानं नाही आलो."

वामनरावांनी जुन्या धोतरात गुंडाळलेली वस्तू सोडली. चिनी मातीची मोठी बशी निघाली. पांढऱ्यावर निळं, सगळं हातानं रंगवलेलं.

"आमच्या पणजोबांनी कागदावर चित्र काढून गलबतातून चीनला धाडलं होतं. तिथल्या कारागिरानं ते बशीवर उतरवलं. पेशवाईतलं घर आहे हे. अशी बशी अख्ख्या तालुक्यात नाही. मठाला देतो."

आक्कांनी बशी डोळ्यांजवळ नेली. माजघर होतं. समया, पाट, रांगोळ्या, केळीची पानं. पानांवर बसलेले पुरुष. त्यांना वाढणारी एक बाई.

आक्का हसायला लागल्या.

"अहो, हे तर पगड्या घालून जेवायला बसलेत!"

वामनराव जरा चिडले. "त्या चिनी माणसाला आपलं सोवळं काय ठाऊक?"

"घाम गळून वरण खारट व्हायचं हो त्यांचं."

मलाही हसू आलं. वामनरावांना आलं नाही.

मग आक्कांनी आपला पंजा बशीवर ठेवला. पाट, पानं, पगड्या, सगळं हाताखाली गेलं. कडेची बाई तेवढी उरली. डोईवर पदर, हातात तुपाची वाटी. वाकलेली होती, आणि समोर कोणी नव्हतं.

"हिचं पान कुठं मांडलंय?"

"तिचं कशाला मांडतील? ती मागाहून बसते."

"कोणाबरोबर?"

वामनराव बशीवर वाकले.

"पगड्या चुकल्या त्याच्या," आक्का म्हणाल्या. "बाई मात्र बरोबर काढलीय."

भिंतीच्या पलीकडच्या अंगाला द्वारकाबाईंचं स्वयंपाकघर. पूर्वी सगळ्यांची जेवणं होऊन घर निजलं, की तिथून एकाच ताटाचा आवाज यायचा. हळू यायचा, कुणाची झोप मोडू नये असा. आता तोही येत नाही.

माझ्या हातातली पत्रावळ टाचायची चोय पानात अर्धीच राहिली.

"द्वारका कधी..." वामनराव म्हणाले.

आक्कांनी पंजा उचलला नाही.

"तिनं कधी सांगितलं नाही, आक्का."

"तुम्ही निजलेले असायचात."

खाडीवर एक बगळा उतरला, थोडा चालला, उडून गेला.

"म्हणजे मला घेत नाही तुम्ही," वामनराव म्हणाले. आवाज खाली आला होता. "जातो मी."

"घेते की. उद्या दुपारी या."

वामनराव उंबऱ्याशी थांबले. "पंगतीला?"

"वाढायला."

"आणि मी जेवायचं कधी?"

आक्कांनी बशी पुन्हा त्या धोतरात गुंडाळली, उठून त्यांच्या हातात दिली.

"मागाहून. आणि सोबत कोण होतं, ते मला येऊन सांगा."