वाकलेली परी आणि धारेचा दगड

बांबूच्या बनाशेजारी शेवंती नावाची चिमुकली पोर आईबरोबर राहायची. आई बांबू चिरून सुपं विणायची. पण तिचा कोयता झाला होता अगदी बोथट! त्या दिवशी तो बांबूवरून सटकला आणि आईच्या बोटालाच लागला. उद्याचा बाजार आणि सूप एकही तयार नाही. सुपं विकली नाहीत, तर चूल पेटणार कशी?

"शेवंते, धारेचा दगड आण गं," आई कळवळून म्हणाली.

दगड कसला, काळंमिट्ट ढेकूळच! "अगं बाई, किती मळलास रे!" म्हणत शेवंतीनं तो धुवायला ओढ्यात बुडवला. आणि काय गंमत! बुडबुड, बुडबुड... निळे, गुलाबी, सोनेरी बुडबुडे वर आले. त्यांतून निघाली चमचमत्या पंखांची इटुकली परी. पण कमरेत पार वाकलेली!

"हुश्श, केवढी तहान लागली होती!" परी म्हणाली. "सगळे मला कोरडंच घासतात. नाहीतर थुंकी लावतात. शी! बाळे, एक वर माग. पण बुडबुडे संपायच्या आत हं."

दुसऱ्या कुणी झटकन धार मागितली असती. आमची शेवंती पडली चौकस!

"परीताई, तू अशी वाकलीस का गं?"

"सगळे दगडाच्या मधोमधच घासतात ना. बघ, कसा खळगा पडलाय."

"मग कडेला का नाही घासत?"

"घाई! दुसरं काय?"

"दुखतं का गं?"

"फार दुखतं."

बुडबुडा एकच उरला. शेवंतीला आईचं बोट आठवलं. पण परीचे डबडबलेले डोळे तिला बघवेनात. "तुझी पाठ सरळ होऊ दे!" ती म्हणून गेली.

परी खुदकन हसली. "वेडाबाई, त्याला जादू कशाला? त्या सपाट खडकावर वाळू टाक, पाणी टाक आणि दगड पालथा घालून घास."

शेवंतीनं घास घास घासला. हात भरून आले. खळगा जात गेला, तशी परी हळूहळू ताठ झाली.

"आता बसेल बघ धार!" ती म्हणाली. सारं बन सोनेरी उजेडानं भरलं आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

आईनं ओल्या दगडावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोयता फिरवला. बांबू सर्रकन चिरला! संध्याकाळपर्यंत सुपांची ही रास लागली. शेवंतीनं दगड धुऊन सावलीत वाळत ठेवला.

"अगं, केलंस तरी काय याला?" आईनं विचारलं.

"काही नाही गं. पाणी दिलं प्यायला, आणि पाठ चोळून दिली."