दुधाच्या दातांचा डाव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घाटाला गाडीवाट नव्हती, मीठसुद्धा माणसाच्या डोक्यावरून वर यायचं. त्या काळी खडकुल गावाच्या खालच्या वाडीत ठकू नावाची पाथरवटीण राहायची. तिचा हात लागला की दगड ऐकायचा, असं म्हणतात. कुणाच्या जात्यातून पीठ भरड पडायला लागलं की ठकूला हाक जायची. ती छिन्नी-हातोडी घेऊन यायची, जात्याचे दोन्ही दगड वेगळे करायची आणि बसल्या बैठकीला टाकी लावून, म्हणजे झिजलेल्या दगडाला नव्या खाचा पाडून द्यायची. वाडीतली लहानथोर सगळी तिला आत्या म्हणायची, कारण ती वाडीचीच लेक. नवरा मेला तसं सासरच्यांनी तिला छिन्नी-हातोडीसकट घराबाहेर काढलं, आणि ती भावाकडं परत आली होती.

वर गाव, खाली वाडी, आणि मधे वाघजाईचं कुरण. गावाला शेतं होती, विहिरी होत्या. वाडीला होता खडक आणि घरटी चार-पाच शेळ्या. दिवाळी सरली की खालचं सगळं वाळून जायचं, हिरवं उरायचं ते फक्त कुरणात. कुरण मिळालं तर शेळ्या जगायच्या, आणि शेळ्या जगल्या तर पोरांच्या तोंडात दूध पडायचं. आणि हे कुरण कुणाचं, ते कशावर ठरायचं? तर एका खेळावर.

वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, देवळाच्या ओट्यावर वाघ-शेळ्यांचा डाव व्हायचा. ओट्याच्या दगडातच पट कोरलेला होता. वाघ तीन, शेळ्या पंधरा. शेळीच्या मागचं घर रिकामं सापडलं की वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि तिला खातो. पाच शेळ्या खाल्ल्या की वाघ जिंकले. तिन्ही वाघांना हलायला जागा उरली नाही की शेळ्या जिंकल्या. वाघ जिंकले तर वर्षभर कुरण पाटलाच्या गुरांना, शेळ्या जिंकल्या तर वाडीला. ऐकायला न्याय वाटतो. थांबा जरा.

वाघ खेळवायचे पाटलानं स्वतः. मिशा पांढऱ्या झालेला, तीस वर्षं हेच करत आलेला बाप्या. आणि शेळ्या खेळवायच्या वाडीतल्या अशा पोरानं, की ज्याचा एकही दुधाचा दात पडलेला नाही. का? तर म्हणे देवी निष्पाप हातात उतरते. वा रे देवी, दरवर्षी हरायलाच उतरायची. वर आणखी एक मेख मारून ठेवलेली. हा पट कुणी घरात काढायचा नाही. काढला, तर त्या घराच्या गोठ्यात वाघ शिरेल. पाटलाच्या माडीवर मात्र शिसवी पट होता, आणि त्यांच्या गोठ्यात कधी मांजरसुद्धा शिरलं नाही. हे वाडीतल्या एकाच्याही ध्यानात येऊ नये? पण भीती बसली की अक्कल गहाण पडते, ती अशी.

पाटलाच्या बापाच्या काळापासून, चाळीस वर्षं शेळ्या हरत होत्या. आणि खरी चीड येते ती पुढंच. हरल्यावर बोल कुणाला लागायचा? पाटलाला नाही, रितीला नाही. पोराला. ठकूचा धाकटा भाऊ सटवा सहा वर्षांचा असताना त्या ओट्यावर बसला होता. सगळं गाव भोवती, आणि तो पट जन्मात पहिल्यांदा बघतोय. एक भाकरी भाजून होईपर्यंत त्याच्या पाच शेळ्या गेल्या. त्या उन्हाळ्यात वाडीत तीस शेळ्या मेल्या, आणि शेळी मेली की कुणी ना कुणी त्या पोराकडं बोट करायचं. तेव्हापासून सटवानं मान म्हणून वर केली नाही. मोठा झाला, लग्न झालं, भागी नावाची मुलगी झाली, तरी माणसांत बसला की नजर जमिनीला. ठकू परत आली तेव्हा भाऊ असा होता. आणि भागीचे सगळे दात दुधाचे होते.

एके दिवशी भावजय भागीची वेणी घालत होती. ठकूनं विचारलं, "हिची पाळी आली तर गं?"

"येऊ नये म्हणून नवस बोललेय."

"नवस कशाला बोलतेस? खेळ शिकव की."

"घरात पट काढायचा नाय, वन्सं. वाघ येतो."

"येऊ दे," ठकू म्हणाली. "त्यालाबी शिकवीन."

ठकूच्या सासरी हा पट दर देवळाच्या पायरीवर होता. तिथं म्हातारे खेळत, पोरं खेळत, आणि कुणाच्या गोठ्यात काही शिरत नव्हतं. म्हणजे इथं चाळीस वर्षं नुसती बनवाबनवी चाललेली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, ती परत खाली आलीच नाही असं म्हणतात.

पावसाचे चार महिने पोरं घरातच असायची आणि टाकी लावायला ठकू घरोघर बसायचीच. तिनं काय करावं? जात्याचं काम झालं की खालचा दगड पालथा करायचा आणि त्याच्या बुडाला पट कोरायचा. जात्याच्या बुडाकडं कोण बघतंय? वाघांच्या जागी हिरडे, शेळ्यांच्या जागी वाळलेल्या लेंड्या. मोठी माणसं गावाच्या भातात मजुरीला चिखल तुडवत असायची, आणि घरात ठकूआत्या पोरांबरोबर डाव मांडून बसलेली असायची. ओट्यावर कोण बसणार ते दसऱ्याला देवीपुढं खडे उचलून ठरायचं, आणि कुणाच्या नावाचा खडा निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तिनं वाडीतलं एकही पोर सोडलं नाही. बोबडी बोलणारीसुद्धा धरून बसवली.

आणि लाड? नाव नको. ती वाघ घ्यायची आणि पोरांना कच्चं खायची. पोरं रडायची, लेंड्या भिरकावून द्यायची, एकानं तर हिरडा गिळायचा प्रयत्न केला. चिंधू नावाचं चार वर्षांचं शेंबडं पोर होतं, ते तर हरलं की जमिनीवर लोळायचं. त्याची आई एकदा म्हणाली, "आत्या, एक डाव द्या की जिंकू. लेकरू कधीचं रडतंय."

"पाटील देणाराय का जिंकू?" ठकू म्हणाली. "रडू दे. रडून झालं की मांडू."

पण हरल्यावर तिनं कुणाला मूर्ख म्हटलं नाही. पोराची हनुवटी धरून सांगायची, "शेळीनं वाघाकडं बघत बसायचं नाय. आपल्या मागं कोण उभं हाय ते बघायचं. पाठीला पाठ लागली की वाघ काय खातो, माती?"

नवरात्रात भागीनं तिचे तिन्ही वाघ कोंडले. ठकूनं तीनदा पट तपासला. कुठंच वाट नव्हती. मग ती इतकी हसली की शेजारीण विळा टाकून धावत आली. त्यानंतर दुसऱ्या पोरानं कोंडलं, तिसऱ्यानं कोंडलं. दसऱ्याला वाडीतल्या एकोणीस पोरांत आत्याला न हरवलेलं एकही उरलं नव्हतं, असं म्हणतात. चिंधूनं सगळ्यांत शेवटी हरवलं, आणि हरवल्यावरही लोळला.

दसऱ्याला देवीपुढं खडा निघाला तो भागीचाच. सटवा त्या दिवशी जेवला नाही.

वाघबारस उजाडली. ओट्यावर एका बाजूला लोडाला टेकून पाटील, दुसऱ्या बाजूला मांडी घालून भागी. पाटलानं हसत वाघ मांडले आणि पोरीला म्हणाला, "हं, ठेव तुझ्या शेळ्या. लवकर आटपू, आम्हाला जेवायचंय." भागीनं शेळ्या ठेवायला सुरुवात केली. कडेनं, एकीच्या पाठीला एक. पाटलानं एक शेळी खाल्ली. दुसरी खायला बघितलं, तर मागं घर रिकामं नव्हतं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. जेवणाची वेळ टळली. एक वाघ कोपऱ्यात अडकला, दुपारी दुसरा अडकला. पाटलाच्या कपाळावर घाम आला, आणि आजवर त्या ओट्यावर कधी नव्हतं ते झालं. सगळं गाव उठून पटाभोवती वाकलं. त्या वेळी वरच्या कड्यावर एक खरी वाघीण येऊन बसली होती आणि पुढचे पाय जुळवून डाव बघत होती, असं म्हणतात.

तेवढ्यात पाटलाला दिसलं, की पोरगी विचार करताना जिभेनं पुढचा दात हलवते आहे. तो गोड आवाजात म्हणाला, "लेकरू दमलं असेल. ऊस द्या रे तिला."

सहा वर्षांचं पोर ते. सकाळपासून उपाशी. ऊस समोर आल्यावर नको म्हणेल? भागीनं कांडं तोंडात धरून सोलायला ओढलं, आणि दात कांड्याबरोबर बाहेर आला. पांढऱ्या मिशांचा, गावाचा पोशिंदा म्हणवणारा माणूस, एका पोरीचा दात पाडून टाळी वाजवतो. लाजलज्जा पार गुंडाळून ठेवलेली. "दात पडला," पाटील म्हणाला. "आता हे दुधाच्या दाताचं पोर नव्हे. डाव मोडला."

भागी तोंडातलं रक्त गिळत बापाकडं बघत होती. सटवाची नजर जमिनीला. तशी ठकू गर्दीतून पुढं आली. तिनं पाटलाकडं बघितलंच नाही. ती गुरवाला म्हणाली, "गुरवबाबा, देवीपुढं सांगा. हेच पोर पायजे अशी रीत हाय, का दुधाच्या दाताचं पोर पायजे अशी?"

गुरवानं पाटलाकडं बघितलं. मग देवीकडं बघितलं. "दुधाच्या दाताचं," तो हळूच म्हणाला.

पाटील हसला. त्याला वाटलं, हिनं चोरून ही भाची तेवढी पढवली असणार. "बसवा मग दुसरं," तो म्हणाला. "पण कोणतं ते मी सांगणार." त्यानं वाडीच्या पोरांवरून नजर फिरवली आणि सगळ्यांत बारक्याकडं बोट केलं. "ते. ते शेंबडं."

चिंधूला आईनं ओट्यावर ठेवलं. त्याचा हात पटाच्या मधोमध पोचेना, म्हणून तो गुडघ्यांवर रांगत पटाच्या कडेला गेला. बराच वेळ बघत बसला. वाघाजवळच्या शेळीला हात लावला असता तर मागचं घर उघडं पडणार होतं. त्यानं नाक ओढलं आणि पार मागची, कुणाच्या खिजगणतीत नसलेली शेळी एक घर पुढं सरकवली.

पाटलानं तिसऱ्या वाघावर बोट ठेवलं. बोट उचललं. परत ठेवलं. सूर्य डोंगराआड गेला तरी त्याला चाल सापडली नाही. ती तो मरेपर्यंत शोधत होता, असं म्हणतात.

कुरण वाडीचं झालं. देवीपुढचा शब्द पाटलालाही फिरवता येईना. पण असल्या माणसांचा राग कुठंतरी निघावाच लागतो. दुसऱ्या दिवशी त्यानं ठकूनं टाकी लावलेली वाडीतली सगळी जाती पालथी करून बघायला लावली आणि हुकूम सोडला, की ठकीनं घराघरात पट काढून गावावर वाघ बोलावलाय, ती आज शीव ओलांडेल, आणि तिला ठेवून घेईल त्याला पाणवठा बंद.

आता वाडीनं काय करावं? जिनं पोरांना शिकवलं, शेळ्या जगवल्या, तिच्यासाठी कुणीतरी उठावं की नाही? कुणी उठलं नाही. शेळ्या कुरणात सुटलेल्या होत्या ना, मग आत्या कशाला? सगळे खाली मान घालून उभे राहिले. फक्त एकाची मान वर झाली, आणि ती सटवाची.

"मी हरलो तवा समद्यांनी माझ्याकडं बोट केलं," तो म्हणाला. "आज ती जिंकून चालली, तर एकाचं तोंड उघडंना?"

ठकूनं भावाच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे," ती म्हणाली. "पोरांना खेळू द्या म्हणजे झालं." आणि छिन्नी-हातोडी कमरेला खोचून ती घाटाच्या वाटेला लागली. पोरं मात्र शिवेपर्यंत तिच्या मागं गेली, आयांनी हाका मारल्या तरी.

पोरांनी काय बघितलं ते अजून सांगतात. खिंडीच्या तोंडाशी ती वाघीण आडवी बसली होती. ठकू तिला "सरक" म्हणाली. वाघीण सरकली. मग ठकू कातळावर बसली, टक टक करत पट कोरला आणि खडे मांडले. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. पण भर दुपारी, वारं पडलं की खिंडीतून छिन्नीची टकटक ऐकू येते, आणि त्या वाडीच्या गोठ्यात आजवर वाघ शिरला नाही, असं म्हणतात.

देवळाच्या कमानीवर पाटलाचं नाव कोरलेलं आहे. ते कुणी वाचत नाही. ठकूच्या नावाचा एक दगड उभा नाही, ती पाथरवटीण असून. पण खडकुलात पोराचा पहिला दात पडला की तो छपरावर फेकत नाहीत. पोर दात मुठीत धरून ओट्यावर जातं, पटावर ठेवतं आणि म्हणतं, "ठकूआत्या, माझी पाळी झाली." मग दुधाच्या दातांचं एक धाकटं पोर शोधून त्याला घेऊन बसतं. ते आपल्याला खरोखर कोंडेपर्यंत शिकवायचं. मुद्दाम हरायला बंदी आहे. पाटलाच्या वंशातली पोरंसुद्धा हेच करतात.

आणि ज्या दिवशी ते धाकटं जिंकतं, त्या दिवशी घरातल्या मोठ्यांना समोर बसवून थोरल्या पोरानं ही सगळी गोष्ट सांगायची असते. वाघीण विसरली तरी चालते, ऊस विसरला तरी चालतो. वाडी गप्प उभी राहिली, तेवढं मात्र गाळायचं नाही. ते आलं की मोठी माणसं अजून खाली बघतात. बघू देत.